गाठ साधी, मग ऑपरेशन एवढं मोठं का?

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. माझ्या यजमानांचं वय ५६. दोन-अडीच वर्षं झाली, त्यांची उजवी नाकपुडी चोंदलेली असते. सुरुवातीला ॲलर्जी म्हणून स्प्रे दिला, गोळ्या दिल्या. फरक पडायचा की पडल्यासारखा वाटायचा, कोण जाणे. डावी नाकपुडी मात्र कायम मोकळी. गेल्या चार महिन्यांत दोनदा शिंकरताना रक्त आलं, तेव्हा घाबरून सीटी स्कॅन केला. उजव्या गालाचं सायनस पूर्ण भरलेलं निघालं. नाकातून तुकडा काढून तपासला, तर रिपोर्टमध्ये 'इन्व्हर्टेड पॅपिलोमा' आलं.

पहिले डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून अर्ध्या तासात काढून टाकू, संध्याकाळी घरी. दुसरे म्हणाले, आधी एमआरआय करा, ऑपरेशनला तीन तास तरी लागतील, आतलं हाड घासावं लागेल, सायनसची नाकाकडची भिंतही काढावी लागेल, आणि नंतर निदान पाच वर्षं तपासणीला यायचं. गाठ साधी आहे, कॅन्सर नाही, असं मात्र दोघंही म्हणतात. साधीच असेल तर एवढं मोठं ऑपरेशन कशाला? की दुसरे डॉक्टर आमच्यापासून काही लपवताहेत? माझ्या जाऊबाईंचे नाकातले पॉलिप तीनदा काढले, तिन्ही वेळा परत आले. त्यामुळे हे म्हणतात, परत यायचंच असेल तर काढायचं कशाला. डोळा आणि मेंदू जवळ असतो हे ऐकून तर माझी झोपच उडाली आहे. ह्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आणि दिवसाला पाच-सहा सिगारेटीही. काय करावं?

उत्तर:

ताई,

आधी लपवालपवीचं बोलू, म्हणजे आज तरी तुम्हाला झोप लागेल. दुसरे डॉक्टर काही लपवत नाहीत. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी ते पहिल्यांपेक्षा जास्तच सांगताहेत, आणि जास्त सांगणाऱ्या डॉक्टरची आपल्याला जास्त भीती वाटते.

सगळा घोळ 'साधी' या शब्दाने घातला आहे. आम्ही डॉक्टर तो फार सैलपणे वापरतो. आमच्या तोंडी साधी गाठ म्हणजे शरीरात दुसरीकडे पसरत नाही अशी गाठ, बस. तुमच्या कानावर पडतो तेव्हा त्याचा अर्थ होतो किरकोळ. इन्व्हर्टेड पॅपिलोमा आमच्या अर्थाने साधा आहे, तुमच्या अर्थाने मुळीच नाही. तो आजूबाजूचं हाड दाबून पातळ करत वाढतो. नीट काढला नाही तर परत उगवतो. आणि शंभरातल्या साधारण ५ ते १० जणांत त्याच्यासोबतच, किंवा पुढे कधीतरी त्याच जागी, कॅन्सर सापडतो. उरलेल्या नव्वदांत सापडत नाही, हेही त्याच दमात वाचा. 'काढायचं कशाला' असं हे विचारतात, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. औषधाने, स्प्रेने ही गाठ विरघळत नाही. काढणं हाच इलाज.

नावातलं 'इन्व्हर्टेड' म्हणजे उलटं. मस किंवा चामखीळ कशी बाहेरच्या बाजूला वाढते, तसे इतर पॅपिलोमा वाढतात. हा मात्र नाकाच्या अस्तरातून उगवून आतल्या बाजूला, खालच्या थरात बोटं घालत जातो. हातमोज्याचं एक बोट आत ढकललं तर जसं दिसेल तसं. एकोणिसाव्या शतकात या गाठीची पहिली नोंद झाली, पण हे उलटं वाढणं रिंगर्ट्झ नावाच्या विकृतिशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये नीट मांडलं. ही गाठ बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीनंतर होते, बायकांपेक्षा पुरुषांत बरीच जास्त, आणि जवळजवळ नेहमी एकाच बाजूला.

एकच बाजू. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ कुठली, तर 'डावी नाकपुडी मात्र कायम मोकळी'. ॲलर्जी डावं-उजवं करत नाही. सर्दीने नाकपुड्या आलटून-पालटून चोंदतात, ते वेगळं. पण मोठ्या माणसाची एकच नाकपुडी महिनोन्‌महिने बंद राहत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर आत दुर्बीण घालून बघायलाच हवं. दोन वर्षं स्प्रे मारत बसायला नको होतं. असो, झालं ते झालं. ही गाठ सावकाश वाढणारी आहे. दोन-चार आठवडे तपासण्यांत गेले तर बिघडत नाही. दोन-चार वर्षं घालवली तर बिघडतं.

जाऊबाईंचं उदाहरण इथे लागू नाही, हे ह्यांना ठासून सांगा. त्यांचे होते ते पॉलिप. म्हणजे सुजलेलं, पाणी धरलेलं अस्तर, सोललेल्या द्राक्षासारखं फिकट आणि चकचकीत. ते बहुधा दोन्ही बाजूंना असतात. मूळ दुखणं अस्तराची सूज हे असल्यामुळे, काढले तरी सूज पुन्हा पॉलिप तयार करते. म्हणून तिथे ऑपरेशननंतरही स्टेरॉइडचा स्प्रे चालू ठेवावा लागतो. ते अस्तराचं जुनाट दुखणं आहे, आणि यजमानांची गाठ एका ठिकाणी रुजलेली आहे. पॉलिप परत येतात ते अस्तराच्या स्वभावामुळे. ही गाठ परत येते ती बहुतेक वेळा डॉक्टरने मागे ठेवलेल्या मुळामुळे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. उमेदवारीच्या काळात मी स्वतः एका गृहस्थांचा 'पॉलिप' वीस मिनिटांत काढला होता. एकाच बाजूचा होता, जरा खरबरीत, तुतीसारखा दाणेदार दिसत होता, हात लावला की रक्त यायचं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही. नाकातला दिसणारा भाग चिमट्याने ओढून काढला, नाक मोकळं झालं, गृहस्थ खूश, मी त्याहून खूश. तुकडा तपासणीला पाठवला होता का, तर तोही नाही. दीड वर्षाने ते परत आले तेव्हा गालाचं सायनस गच्च भरलं होतं आणि मधली भिंत झिजून गेली होती. मी नाकात डोकावलेलं शेपूट कापलं होतं. मूळ आत सायनसच्या मागच्या भिंतीवर जसंच्या तसं होतं. दुसरं ऑपरेशन माझ्या वरिष्ठांनी केलं. मी शेजारी उभा राहून बघत होतो. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, ते जास्त लागलं.

तर मुद्दा मुळाचा. सायनसमधली गाठ स्कॅनमध्ये केवढीही दिसली तरी ती चिकटलेली असते बऱ्याचदा अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेला. बाकी सगळा पसारा पोकळीत नुसता लोंबत असतो. सगळं सायनस भरलंय म्हणजे सगळीकडे गाठ आहे, असं नाही. तोंड बंद झाल्यामुळे आत नुसता शेंबूड साचून राहिलेला असतो, आणि साध्या सीटीवर शेंबूड आणि गाठ दोन्ही सारखेच राखाडी दिसतात. एमआरआय मागितला तो यासाठी. त्यात साचलेलं पाणी पांढरंशुभ्र दिसतं, गाठ त्याहून मळकट आणि वळ्यावळ्यांची. म्हणजे खरी गाठ केवढी, आणि ती डोळ्याच्या किंवा मेंदूच्या बाजूला सरकली आहे का, ते ऑपरेशनच्या आधीच कळतं.

पण सीटी फुकट गेला असं समजू नका. मूळ शोधायला तोच लागतो. गाठ जिथे रुजलेली असते तिथलं हाड पुष्कळदा जाड होतं, टोकदार होतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सीटीच्या चित्रावर बोट ठेवून दाखवायला सांगा: 'मूळ कुठे वाटतंय तुम्हाला?' ज्याने ही गाठ मनापासून बघितली आहे तो सायनसच्या कडेवरचा एखादा पांढरा उंचवटा दाखवेल आणि म्हणेल, 'बहुतेक इथे. पण खात्री आत गेल्यावरच.' हे उत्तर मला आवडतं. 'काढून टाकू सगळं' हे उत्तर आवडत नाही.

आता 'दुर्बिणीतून' या शब्दाकडे येतो, कारण साधी गाठ आणि दुर्बिणीचं ऑपरेशन हे दोन शब्द एकत्र आले की लोकांना वाटतं, दात काढण्याइतकं सोपं काम. दुर्बिणीने लहान झालाय तो आत जायचा रस्ता. आतलं काम तेवढंच राहिलं आहे. पूर्वी याच गाठीसाठी नाकाच्या कडेने चेहऱ्यावर छेद घेऊन सगळं उघडावं लागे, नाहीतर वरचा ओठ उचलून हिरडीच्या वरून गालाच्या हाडाला खिडकी पाडावी लागे. ती कॉल्डवेल आणि ल्यूक यांची पद्धत, १८९०च्या दशकातली. चेहऱ्यावरच्या छेदाचा व्रण पेशंट आयुष्यभर आरशात बघायचे. आता ४ मिलिमीटर जाडीची, वीतभर लांबीची काचदांड्यांची दुर्बीण नाकपुडीतून जाते आणि समोरच्या पडद्यावर सगळं कितीतरी पट मोठं दिसतं. सरळ बघणारी एक, कोपऱ्यात वळून बघणारी दुसरी, जवळजवळ पाठीमागे बघणारी तिसरी. चेहऱ्यावर ओरखडाही नाही.

इथे जरा विषयांतर करतो, पण दोन डॉक्टरांची दोन मतं का, ते त्यातूनच कळेल. सायनसमध्ये डोकावायची धडपड जुनी आहे. १९०१ मध्ये हिर्शमन यांनी मूत्राशय तपासायच्या नळीत फेरफार करून गालाचं सायनस आतून बघितलं होतं. पण प्रकाश पुरेसा नव्हता. हॉपकिन्स यांची काचदांड्यांची भिंगं १९६०च्या सुमारास आली आणि चित्र लख्ख झालं. मग ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये मेसेरक्लिंगर यांनी सायनसमधला शेंबूड कुठल्या वाटेने वाहतो ते तासन्‌तास बघितलं. अस्तरावरचे सूक्ष्म केस तो शेंबूड सायनसच्या मूळच्या तोंडाकडेच ढकलत नेतात, अगदी चढावरसुद्धा. खाली दुसरं भोक पाडून दिलं तरी तो त्याला वळसा घालून जुन्या दारानेच बाहेर पडतो. त्यावरून तत्त्व निघालं की अस्तराला शक्य तितका हात लावू नका, फक्त अडलेलं दार मोकळं करा, बाकी निसर्ग करेल. १९८५ मध्ये केनेडी यांनी या शस्त्रक्रियेला इंग्रजीत जे नाव दिलं, त्याची आद्याक्षरं म्हणजे 'फेस'. सायनसच्या जुनाट सुजेसाठी रोज होतं ते हेच ऑपरेशन.

आणि गाठीसाठी हे तत्त्व नेमकं उलटं करावं लागतं. हत्यारं तीच, रस्ता तोच, पण इथे मुळाभोवतीचं अस्तर राखून चालत नाही. ते हाडापर्यंत खरवडून काढायचं, आणि मग ते हाडही ड्रिलने घासायचं, कारण गाठीच्या पेशी हाडाच्या खाचाखोचांत शिरून बसलेल्या असतात. तुमचे पहिले डॉक्टर बहुधा 'फेस'च्या हिशेबाने बोलताहेत, दुसरे गाठीच्या. पहिल्यांना मी अडाणी म्हणणार नाही. मी स्वतः काय केलं होतं ते वर लिहिलंच आहे.

तीन तासांत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे बाहेर बसल्यावर घड्याळाकडे बघून जीव टांगणीला लागणार नाही. पूर्ण भूल देतात. डोक्याची बाजू थोडी उंच ठेवतात, रक्तदाब जरा खालच्या अंगाला ठेवतात, नाकात औषधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या ठेवून रक्तवाहिन्या आकसायला वेळ देतात. हे सगळं रक्त कमी यावं म्हणून. आमच्या कामात रक्ताचा एक थेंब भिंगावर बसला की पुढचं सगळं लाल होतं, म्हणून सुरुवातीची ही पंधरा-वीस मिनिटं घाई करणारा सर्जन पुढे तासभर गमावतो. मग लोंबणारा पसारा फिरत्या पात्याच्या नळीने कापत, ओढून घेत कमी करायचा. हळूहळू गाठ लहान होत जाते आणि एका क्षणी ती कुठून उगवली आहे ते दिसतं. तो क्षण आला की थिएटरमध्ये बोलणं थांबतं. तिथून पुढचं काम बारीक असतं. देठाच्या चारही बाजूंनी निरोगी अस्तरात कड धरून ते सोलून काढायचं आणि खालचं हाड हिऱ्याच्या बारीक कणांच्या ड्रिलने घासायचं. कडेचे तुकडे वेगळे करून तपासणीला द्यायचे. शेवटी वळून बघणाऱ्या दुर्बिणीने एकेक कोपरा पुन्हा पाहायचा.

नाकाकडची भिंत काढायची ती मुळापर्यंत हात पोचावा म्हणून. मूळ सायनसच्या पुढच्या किंवा खालच्या कोपऱ्यात असेल तर नुसत्या नैसर्गिक तोंडातून हत्यार तिथवर वळत नाही. किती भिंत काढायची हे मुळाच्या जागेवर ठरतं. हल्ली काही वेळा अश्रुनलिकेच्या पुढून वाट काढून भिंतीचा बराचसा भाग आणि नलिका दोन्ही वाचवता येतात. तुमच्या बाबतीत ते जमेल का, हे अवश्य विचारा. भिंत काढल्याचा आणखी एक फायदा म्हणजे नंतर दवाखान्यात खुर्चीत बसवून दुर्बिणीने सगळं सायनस डोळ्यांनी बघता येतं. पाच वर्षं तपासणी करायची तर ते दार उघडं असलेलंच बरं.

डोळा आणि मेंदू. भीती रास्त आहे, पण नकाशा समजून घ्या. गालाच्या सायनसचं छत म्हणजे डोळ्याच्या खोबणीची फरशी. दोन डोळ्यांच्या मधली जी बारीक खोल्यांची सायनसं असतात, त्यांची डोळ्याकडची भिंत कागदाइतकी पातळ असते आणि आमच्या पुस्तकांत तिचं नावच कागदावरून पडलं आहे. मेंदू या मधल्या खोल्यांच्या आणि कपाळाच्या सायनसच्या पलीकडे असतो, गालाच्या सायनसला तो सरळ शेजारी नाही. त्यामुळे मूळ गालाच्या सायनसमध्येच असेल तर मेंदूची चिंता बरीच कमी. सायनसच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांमध्ये डोळ्याला किंवा मेंदूच्या आवरणाला गंभीर इजा होण्याचं प्रमाण एकूण शंभरात एकापेक्षाही कमी आहे. गाठीच्या कामात हाड घासावं लागतं, तेव्हा ते थोडं जास्त धरावं, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्याहून जास्त वेळा घडणाऱ्या गोष्टी छोट्या असतात: काही आठवडे वरच्या ओठाला किंवा दातांना बधिरपणा, अश्रुनलिका दुखावली तर डोळ्यातून पाणी, आत अस्तर एकमेकांना चिकटणं, आणि खपल्या. खपल्यांबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. घासलेल्या हाडावर नवीन अस्तर चढायला आठवडे नव्हे, कधीकधी महिने लागतात. तोवर आत खपल्या धरतात, वास येतो, माणूस वैतागतो. तो बिघाड नाही.

रक्त पातळ करायची गोळी. आजपासून स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि 'ऑपरेशन आहे, त्यांना माहीत असेलच' असं धरून गप्पही बसू नका. ती गोळी कशासाठी चालू आहे, हृदयात स्टेंट आहे का, कधी बसवला, यावर ती थांबवायची की नाही आणि किती दिवस, हे ठरतं. ज्यांनी ती सुरू केली ते डॉक्टर आणि सर्जन, दोघांनी मिळून ठरवू दे. निर्णय लिहून घ्या. घरी कुणी सुचवलेल्या जडीबुटीच्या किंवा ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा. त्यातल्या काहींनी रक्त जास्त वाहतं.

सिगारेट. इथे मी सभ्यपणाने एकच वाक्य लिहितो: ज्या अस्तराने भरून यावं म्हणून तीन तास खपायचं, त्यावर रोज पाच-सहा वेळा धूर सोडण्यात अर्थ नाही.

ऑपरेशननंतर एखाद-दोन रात्री रुग्णालयात. नाकात पॅक, म्हणजे रक्त थांबवायला ठेवलेला बोळा, असला तर तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घसा कोरडा पडतो, पहिली रात्र कंटाळवाणी जाते. बहुतेक जण दुखण्यापेक्षा याचीच तक्रार करतात. घरी आल्यावर काही दिवस नाकातून गुलाबी-लालसर पाणी येईल, घाबरू नका. दहा-पंधरा दिवस नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून शिंकायचं, दाबायची नाही. उशी उंच, जड उचलायचं नाही, वाकून काम नाही, विमानप्रवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणं सांगतील तेव्हापासून आणि सांगतील तितक्या वेळा, त्यात चालढकल नको. त्यासाठी पाणी उकळून गार केलेलंच वापरा, नळाचं थेट नको. नळाच्या पाण्यातले काही जंतू पोटात गेले तर निरुपद्रवी असतात, नाकातून वर गेले तर जीवघेणे ठरू शकतात.

या काळात दृष्टी अंधुक झाली, एकाचे दोन दिसू लागले, डोळा सुजून बाहेर येतोय असं वाटलं, किंवा ताजं रक्त थांबेना, तर सकाळची वाट बघायची नाही. तडक रुग्णालय गाठायचं. पुढे वाकल्यावर त्याच नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ, खारट थेंब-थेंब गळू लागलं, तरी त्याच दिवशी दाखवा. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. ऑपरेशनच्या आधीसुद्धा गाल बधिर होणं, वरचा दात हलणं किंवा डोळ्यात काही फरक जाणवला तर तारखेची वाट न बघता कळवा.

आता पाच वर्षांचं. दुर्बिणीतून मुळासकट काढलं तरी शंभरात दहा-पंधरा जणांत ही गाठ परत येते. नुसतं ओढून काढल्यावर जुन्या नोंदींमध्ये हे प्रमाण याच्या कितीतरी पट होतं. परत येते ती बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत आणि जुन्याच जागी, पण त्यानंतरही आलेल्या गाठी पाहिल्यात. म्हणून पाच वर्षं हा कमीत कमी हिशेब, मी स्वतः त्यापुढेही वर्षातून एकदा बोलावतो. आणि ती परत येते तेव्हा नाक बंद व्हायची वाट बघत नाही. आधी दुर्बिणीत मुगाएवढी दिसते, पेशंटला पत्ताही नसतो. त्या वेळी ती काढणं थोड्या वेळाचं काम असतं.

हे सदर वाचून आपापले रिपोर्ट घेऊन धावणारे असतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. सायनसमधली प्रत्येक गाठ काढायची नसते. दुसऱ्याच कारणासाठी स्कॅन केला आणि गालाच्या सायनसच्या तळाशी गोल, गुळगुळीत, पाणी भरलेली फुगी दिसली, तर ती बहुतेक जन्मभर तिथेच पडून राहते. कपाळाच्या सायनसमध्ये हाडाचा छोटा खडा, म्हणजे ऑस्टिओमा, सापडला आणि त्रास काही नसेल, तर नुसतं लक्ष ठेवतात. याउलट वयात येणाऱ्या मुलाच्या एकाच नाकपुडीतून सारखं भळाभळा रक्त येत असेल, तर आत असू शकणारी गाठ ही रक्तवाहिन्यांचं जाळं असते. तिचा तुकडा दवाखान्यात काढून बघायचा नसतो. आधी स्कॅन, आणि ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी तिच्या रक्तवाहिन्या आतून बंद करतात.

ताई, तुमच्या जागी मी असतो तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन एमआरआय करून घेतला असता. पण पहिल्यांकडेही एकदा जा, भांडायला नाही, तीन गोष्टी विचारायला. मूळ कुठे वाटतंय? तिथलं हाड घासणार का? काढलेलं सगळं, म्हणजे नळीच्या जाळीत अडकलेले तुकडेसुद्धा, तपासणीला जाणार का? हा तिसरा प्रश्न पहिल्या दोनांइतकाच महत्त्वाचा आहे. आताचा रिपोर्ट नाकात डोकावणाऱ्या एका चिमूटभर तुकड्याचा आहे. आत उरलेल्या गाठीबद्दल तो काही सांगत नाही. कॅन्सर आहे की नाही याचं पक्कं उत्तर सगळी गाठ सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच मिळेल, आणि तो रिपोर्ट येईपर्यंतचे सात-आठ दिवस ऑपरेशनपेक्षा जड जातात. तेव्हा ह्यांना एकटं बसू देऊ नका. पहिल्या डॉक्टरांनी तिन्ही प्रश्नांची नीट उत्तरं दिली, वेळही अर्ध्या तासावरून वाढवला, तर त्यांच्याकडेही करायला हरकत नाही. जाताना स्कॅनचा छापील अहवाल नुसता नेऊ नका, सीडी न्या. अहवालात 'सायनस भरलेलं आहे' एवढंच लिहिलेलं असतं, तो पांढरा उंचवटा सीडीतच दिसतो.